शेवंताचं माहेर

तमाशाचा फड मोडला तेव्हा तंबू गेला, पेट्या गेल्या. किस्से तेवढे कुणी विकत घेईना, ते आमच्यापाशीच साठत राहिले. आता नळदुर्गच्या ढाब्यावर मी आणि नामदेव चहाला बसलो की एकेक बाहेर पडतो. नामदेव म्हणजे आमच्या वगातली सून, शेवंता. मी तिची खाष्ट सासू. दोघंही तेव्हा मिशा भादरलेले तरणे गडी!

*

लोहाऱ्याकडच्या एका गावात जत्रेचा खेळ होता. मी शेवंताला उपाशी ठेवून दळायला बसवलेलं. तेवढ्यात कोंडाबाई नावाची एक बाई भाकरी-ठेचा घेऊन थेट स्टेजवर चढली. "खा गं माय. म्या हाय इथं."

नामदेवनं खाल्लं, त्याला खरीच भूक लागली होती. मग बाई माझ्याकडं वळली. पुढचे डायलॉग मी विंगेतूनच म्हटले!

*

तेव्हापासून दर जत्रेला कोंडाबाई नामदेवची ओटी भरायची. तो मेकअप उतरवून, पँट-शर्टात तिच्या घरी जायचा, तरी खण-नारळ ठरलेला. तिला मुलगी नव्हती, सगळी पोरंच. ती त्याला आक्का म्हणायची.

एकदा मीही सोबत गेलो. चहाचा एकच कप आला. वर कोंडाबाई नामदेवला म्हणते, "हिला कशाला आणलीस?"

*

नामदेवचं लग्न झालं. बायकोला घेऊन तो कोंडाबाईच्या पाया पडायला गेला. तिनं नव्या नवरीला जवळ बसवून बजावलं, "माझी लेक लई गरीब हाय. तिला नीट सांभाळ."

*

जत्रेत ऑर्केस्ट्रा यायला लागला आणि आमचा फड बसला. नामदेवचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, स्टेज आठवत असेल.

"स्टेजचं काय न्हाय रं," तो म्हणाला. "आता खेळच न्हाय, तर माहेरी जाऊ तरी काय म्हणून?"

बिनखेळाचं जायला त्याला संकोच वाटायचा. पुढं कितीतरी जत्रा तो घरात बसून राहिला. मला त्याचा राग यायचा. खरं सांगतो, हेवाही वाटायचा. एवढी वर्षं लुगडं नेसलो, पण माझी वाट बघणारं गाव एकही नव्हतं.

*

परवा कोंडाबाई गेल्याचा फोन आला. जीपनं पोचेपर्यंत दुपार टळली. अंगणात तिरडी तयार, माणसं खोळंबलेली. नामदेव दारातच थबकला. पांढरी मिशी, धोतर, डोक्याला पटका.

एक पाहुणा कुरकुरला, "लेक येनार म्हून सकाळधरनं थांबवलंय. कुठं हाय लेक?"

थोरल्या मुलानं नामदेवचा हात धरला आणि त्याला आईच्या उशाशी नेलं.

"आक्का आली," तो म्हणाला. "तिला तोंड बघू द्या. मग उचला."