औत सोडा, ताई

शेजाऱ्यांनी आज सकाळी माळ्यावरचा कूलर खाली काढला. जाळ्या झटकल्या, जुना वाळा फेकून नवा भरला, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं तसा तो ओला, गार, मातकट वास भिंत ओलांडून आमच्या ओट्यावर आला. मी शेंगा फोडत बसले होते, माझे हात थांबले. वास मोठे आगाऊ असतात. न विचारता घरात शिरतात आणि जिथे आपण स्वतःसुद्धा जायचं टाळतो तिथे जाऊन मांडी ठोकून बसतात. हाच वास काही उन्हाळे आमच्या वरच्या खोलीत नांदत होता. तिथे माझ्या लेकीचं संगणकाचं यंत्र होतं, ते तापायचं, म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्याच्यासाठी. खाली आम्ही दोघं पंख्याखाली घामाघूम. माणसांना पंखा आणि यंत्राला वाळा, असं आमचे हे म्हणायचे आणि स्वतःच संध्याकाळी बादल्या भरून वर न्यायचे.

आमचं घर कोल्हारात, नदीपासून फार लांब नाही. मागे ह्यांची पेरूची बाग, पुढे थोड्या अंतरावर नगर-मनमाड रस्ता, त्यावरून दिवसभर गाड्यांची रीघ. वैशाखात मात्र भर दुपारी रस्तासुद्धा जांभई दिल्यासारखा सुस्त होतो. प्रवरेचं पात्र पांढरं पडतं, बागेतली पाखरं पानाआड गप्प बसतात, आणि शहाणी माणसं दार लोटून आडवी होतात. मी शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर दुपारची झोप हे माझं एकमेव व्यसन उरलं होतं. तेही त्यातल्या शेवटच्या उन्हाळ्याने मोडलं, कारण वरून कळफलकाचा टकटक आवाज यायचा, आणि तो आवाज थांबावा म्हणून कान लावून बसले की झोप कुठून लागणार?

लेक पुण्याची नोकरी सोडून घरी आली होती आणि मोबाईलवर खेळायचा एक खेळ तिने केला होता. कोड तिचा, आणि चित्रं तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची, जी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. खेळ म्हणजे मारामारी नाही, गाड्यांची शर्यत नाही. खेळणाऱ्याला थोडी जमीन मिळते, एक विहीर आणि एक बैलजोडी. त्याने पेरायचं, पाणी द्यायचं, बाजारात जायचं, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हे तर लोक खरंच करतात, वरून मोबाईलमध्ये कशाला करतील? आमच्या घरात माझ्या भाकितांना जी किंमत आहे ती या वाक्यावरून ठरली. लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला. शहरात गेलेल्यांनी घेतला ते समजण्यासारखं, पण दिवसभर खऱ्या वावरात राबून आलेली माणसंही रात्री अंथरुणावर पडून तिथल्या वावराला पाणी देऊ लागली.

त्या खेळात तिने एक नियम घातला होता. उन्हाळ्यात भर दुपारी बैल जुंपलेले राहिले तर ते खाली बसतात आणि काही केल्या उठत नाहीत. त्याआधी एक आवाज येतो, ‘बास झालं, औत सोडा.’ तो आवाज आमच्या ह्यांचा. बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्याला किती वर्षं झाली, पण ते शब्द म्हणताना त्यांचा सूर असा काही लागला की मीसुद्धा हातातलं काम खाली ठेवलं. आणखी एक गंमत म्हणजे, कुणी खेळ उघडला की त्याच्या घरावर दिवा लागायचा. लेकीच्या पडद्यावर सगळं गाव दिसायचं. संध्याकाळी ती मला हाक मारायची, आणि आम्ही मायलेकी खिडकीत उभं राहून गाव बघावं तशा त्या लुकलुकत्या वस्तीकडे बघत राहायचो. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान असायचं, ते मी नंतर पुन्हा पाहिलेलं नाही.

त्या वर्षी जत्रेचा भाग येणार असं तिने खेळणाऱ्यांना कबूल केलं होतं. पाळणे, कुस्त्या, रेवड्यांची दुकानं, सगळं. माघात सुरू केलेलं काम चैत्र आला तरी संपेना. तिचा उजवा हात दुखायला लागला. आधी मनगट, मग बोटांना मुंग्या, मग सकाळी चहाचा कप डाव्या हातात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाताला पूर्ण विश्रांती दे, नाहीतर पुढे बोटं ऐकणार नाहीत. ती ‘हो’ म्हणाली. आमच्या घराण्यात ‘हो’ म्हणण्याची पद्धतच आहे, ऐकायची नाही. मनगटाला पट्टा बांधून ती पुन्हा वर गेली. मी रागावले, अबोला धरला, तिच्या आवडीचं करून वाढलं, शेवटी रडलेही. आईच्या भात्यात जेवढे बाण असतात तेवढे संपले.

मग जे माझ्याने झालं नाही ते परक्यांनी हाती घेतलं. खेळणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट होता, त्यात मीही होते आणि सगळे मला मावशी म्हणायचे. लेकीने तिथे जत्रेला उशीर होतोय म्हणून माफी मागताना हात दुखण्याचा ओझरता उल्लेख केला. आमच्या इथल्या बेलापूरकडचा एक टेम्पोवाला होता, माल उतरेपर्यंत गाडीत बसून खेळणारा. त्याने खाली एवढंच लिहिलं, ‘औत सोडा, ताई.’ तिचाच नियम तिलाच. बघता बघता तोच निरोप सगळीकडून यायला लागला. कुणी आपल्या गोठ्यातल्या, लिंबाच्या सावलीत रवंथ करणाऱ्या बैलांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, हे बघा, ह्यांना कळतं. कुणी आंबे खायला बोलावलं, कुणी भंडारदऱ्याला काजवे बघायला. एक शिक्षिका म्हणाली, उन्हाळ्याची सुट्टी आम्हाला सरकार देतं, तुम्हाला आम्ही देतो. जत्रा पुढच्या वर्षी भरू दे, आमचं काही अडत नाही, असं तर कितीतरी जणांनी कळवलं. मी ते वाचून देवापुढे साखर ठेवली. जगात अजून अशी माणसं आहेत, या विचाराने मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

अकोल्याच्या मैत्रिणीने ‘सोडलं औत’ असं लिहिलं आणि ती खरोखर घरी निघून गेली, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्या राबाच्या कामात आईला हातभार लावायला. माझी लेक मात्र एकेक निरोप वाचत गेली, हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, “बघ ना आई, किती चांगली आहेत ही माणसं. यांना वाट बघायला लावू?” लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर ती कदाचित चिडून बाजूला झाली असती. त्यांनी माया केली, आणि मायेचं ओझं तिला उतरवता येईना. जो निरोप येई तो तिला खुर्चीला आणखी घट्ट बांधून जाई.

अक्षय्य तृतीया झाली आणि एका संध्याकाळी तिने मला हाक मारली. आवाज कोरडा होता. वर गेले तर पडद्यावर गाव अंधारात. तुरळक दोन-चार दिवे, त्यातला एक माझाच, कारण मी नुकतंच तिथल्या वांग्यांना पाणी घातलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. “कंटाळले लोक,” ती म्हणाली. “नुसती आश्वासनं किती दिवस ऐकणार?” आणि त्या दिवसापासून तिने जेवायला खाली येणंही सोडलं. ताट मी वर न्यायची आणि बऱ्याचदा तसंच खाली आणायची. ताक घेऊन हे वर जायचे, दारात उभे राहायचे, आणि पेला ठेवून परत यायचे. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या खोलीच्या दारात त्यांचा आवाज निघत नसे.

मला राहवेना. मी त्या टेम्पोवाल्याला विचारलं, काय रे बाबा, सगळे गेलात कुठे? त्याचा लगेच फोन आला. आवाजात लपवलेला आनंद, सणाच्या आदल्या दिवशी असतो तसा.

“मावशी, आमी समद्यांनी पाळलंय,” तो म्हणाला. “सोमवारी आमी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाई ना, तसंच. आमीच खेळलो न्हाई तर ताईला काय काम ऱ्हाईल? मिरगापत्तूर कुनी उघडायचं न्हाई, असं गटाभायेर फोनाफोनी करून ठरलंय. ताईला सांगू नका बरं का, त्या नको म्हनतील.”

किती साधा हिशेब होता त्यांचा! जुंपणारा थांबला की बैलाला विसावा मिळतो, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी बघितलेलं. पण जनावराला विसावा देता येतो तसा माणसाला देता येत नाही, माणूस मोकळ्या खांद्यालाही घाबरतो, हे त्या भल्या मनांना कुठून सुचावं? ही चूक अशाच माणसांकडून होऊ शकते, जी प्रेम करायला गोठ्यात शिकली आहेत. मला हसू आलं आणि रडूही. फोन ठेवला आणि गुडघे दुखत असताना जिना धावत चढले. आता सुटलीच माझी लेक, असं मला त्या वेळी अगदी खरं वाटलं होतं.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं. आधी तिला वाटलं, मी तिची समजूत काढतेय, म्हणून त्याला पुन्हा फोन लावून तिच्याशी बोलायला लावलं. तो बिचारा ओशाळून दहादा माफी मागत होता. ती त्याच्याशी गोड बोलली, आभार मानले. फोन ठेवून पुन्हा पडद्याकडे वळली.

“अगं, मग आता तरी उठ,” मी म्हटलं.

“आई, ते माझ्यासाठीच गेलेत हे पटलं मला,” ती म्हणाली. “पण आता मी बघितलंय ना, सगळे गेल्यावर कसं दिसतं ते. गेलेली माणसं परत येतातच असं नसतं.”

शाळेत मुलांच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायचं, नसलं तर दरारा असायचा. त्या दुपारी दोन्ही नव्हतं. मी नुसता तिचा पट्टा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले, आणि थोड्या वेळाने तिने तो हळूच काढून घेतला, कारण तिला काम होतं.

मृग लागला. ठरल्याप्रमाणे दिवे लागले, पण पूर्वीइतके लागले नाहीत. त्यात कुणाचा राग नव्हता, रुसवा नव्हता. पेरण्या आल्या, शाळा उघडल्या, एक सवय सुटली ती सुटलीच. मृगापर्यंत ज्यांनी निष्ठेने खेळ बंद ठेवला त्यांना त्याच्यावाचून राहता येतं हे कळलं, एवढंच. तिने मला ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आषाढात एक दिवस बोटं खरंच ऐकेनाशी झाली. शस्त्रक्रिया झाली, हात वाचला, पण तासन्‌तास कळफलकावर चालण्याची त्याची ताकद गेली. आता ती पुण्यात एका कंपनीत आहे, दुसऱ्यांनी केलेलं काम तपासते. पगार बरा आहे, सुट्ट्याही मिळतात. कूलर आम्ही देऊन टाकला.

खेळ अजून मोबाईलवर आहे. जत्रा अर्धवट राहिली. माझ्या मोबाईलमध्ये तिने तो भाग टाकून दिला होता, त्यात पाळणा उभा आहे पण फिरत नाही, आखाडा खणलेला आहे पण मल्ल आलेले नाहीत. गटात आता थोडीच माणसं उरलीत. आणि अधूनमधून, सणासुदीला, कुणीतरी अगदी संकोचाने विचारतं, ताईची सुट्टी सरली का?

परवा लेक दोन दिवसांसाठी आली होती तेव्हा टेम्पोवाल्याचा तोच प्रश्न आला. मी तिला मोबाईल दाखवला. तिने वाचलं, डाव्या हाताने उजवं मनगट चोळलं आणि म्हणाली, “तूच लिही काहीतरी. मराठीची बाई आहेस तू.” आणि आत जाऊन बापाशी पेरूच्या कलमांबद्दल बोलत बसली. मी बराच वेळ अक्षरं जुळवत राहिले. खरं लिहावं तर त्या भल्या माणसाला वाटेल, आपण पाळलं म्हणूनच हे झालं, आणि ते पूर्ण खरं नाही. खोटं लिहावं तर त्याला आशा लागेल. शेवटी मी लिहिलं, अजून नाही.

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘असू द्या मावशी. घाई न्हाई. आमी थांबतो.’

मी तो निरोप लेकीला दाखवला नाही. लोकांच्या थांबण्याच्या ज्या ओझ्याने ती वाकली, ते आता माझ्याकडे आलं आहे, आणि मी तरी ते कुठे उतरवणार? जातो म्हणणाऱ्याला थांब म्हणता येतं. इतक्या मायेने थांबलेल्या माणसाला, आता थांबू नका, हे कोणत्या तोंडाने सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.