औषध घातलेली भाकर

कपाशीवर फवारणी सुरू झाली की त्या औषधाच्या वासानं मला आमचा कुत्रा आठवतो. शेजारच्या काकानं भाकरीत तेच औषध घालून त्याला मारलं. सकाळी बाबांनी त्याला शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत पुरलं आणि मी लेखन शिबिरासाठी पुसदच्या बसची वाट पाहत उभी राहिले, तर काका तिथं दात काढत म्हणाला, "माह्या कोंबड्या धरे थो. कुत्र्यासाठी कायले रडून राह्यली व?" शिबिरात मी सगळं लिहून काढलं. शिकवणारे सर म्हणाले, "छापायचं तर नावं बदला." मी काकाचं नाव बदललं, कुत्र्याचं तसंच ठेवलं. गोष्ट छापून आली, आणि त्या नावाचा कुत्रा गावात एकच होता. अजूनही काका रस्त्यानं निघाला की पोरं त्याला कुत्र्याच्या नावानं हाका मारतात. पोरं मी शिकवते त्याच वर्गातली आहेत, माझ्या एका शब्दात गप्प होतील. तो शब्द मी काढत नाही.