ठमीच्या वाटीची उंची

आपल्याला गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावावी लागत नाही, असा मास्तरांचा दावा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे तो केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. माणूस दुकानाच्या दारातून आत आला की खांदा, छाती, कंबर सगळं त्यांच्या डोळ्यांत उतरायचं म्हणे. टेप लावायची ती नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. ही बढाई ऐकायला दुकानात एक माणूस कायमचं बसवलेलं होतं. पडद्याआड, खिडकीपाशी, स्टुलावर. ती त्यांची बायको.

तिला सगळे काकू म्हणत. काजं, बटणं, हुक आणि हातशिलाई हे काकूंचं खातं. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्या स्टुलावर बसल्या, त्या अजून उठल्या नव्हत्या. कपड्यात काही फसलं की मास्तर पडदा बाजूला सारून गिऱ्हाइकाला काकू दाखवत. "ही बघा आमची कारागीर. हिच्या हातात सुई दिली, हीच काय ती माझी चूक." गिऱ्हाईक हसे. काकूही हसत. न हसून करतात काय? एकदा एका वकिलाच्या कोटाची बाही आखूड झाली. कापली होती मास्तरांनी, पण बोलणी खाल्ली काकूंनी, वकील दुकानाबाहेर पडेपर्यंत. त्या दिवशी रात्रीचं जेवण मात्र त्यांनी रोजच्या वेळेला वाढलं.

काकूंचं स्वतःचं म्हणावं असं दुकानात एकच होतं, ठमी. कातरणाच्या टोपलीत कुठून तरी येऊन पडलेलं मांजरीचं पिल्लू. काकूंच्या पायाशी ते वाढलं आणि तिथेच म्हातारं झालं. मास्तरांना ती टरकून असायची. त्यांच्या चपला वाजल्या की टेबलाखाली पसार. काकूंच्या मांडीवर मात्र राणीसारखी पसरायची, आणि काकू तिच्याशी जे बोलत ते नवऱ्याशी उभ्या जन्मात बोलल्या नव्हत्या.

ठमी म्हातारी झाली तशी खाल्लेलं ओकायला लागली. काकू तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी मान दाबून पाहिली, मागचे पाय दुमडून पाहिले. "सांधे धरलेत हिचे. जमिनीवरच्या वाटीत मान घालायची म्हणजे हिला जीव नकोसा होत असेल. जरा उंचावरची वाटी घ्या. पण बेताची उंच हं. ती खाते कशी, त्यावर बघून घ्या."

ती खाते कशी, हे काकूंइतकं कुणाला ठाऊक? ठमी आता उभ्याने खात नव्हती. मागचे पाय मुडपून, बूड टेकून, पुढच्या कोपरांवर भार देऊन खायची. भांड्यांच्या दुकानातल्या पोरीने उंच, बुटक्या, स्टीलच्या, चिनीमातीच्या वाट्या मांडल्या, तेव्हा काकूंनी चक्क जमिनीवर बसून एकेकीच्या काठाला वीत लावून पाहिली. शेवटी एक निवडली. बुटक्या पायाची, पसरट तोंडाची, पुढे किंचित कललेली. आयुष्यात एखादी वस्तू कुणाला न विचारता निवडायची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ. घरी येताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

मास्तरांनी ती वाटी दोन बोटांत उचलली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, म्हणजे चांगला मोका होता.

"ही उंच वाटी? अगं, हिला उंच म्हणतात? तुला उभं-आडवं तरी कळतं का?" गिऱ्हाइकांकडे वळून ते म्हणाले, "सगळा जन्म शिंप्याच्या घरात गेला बघा, आणि मांजराचं माप चुकली." वाटी त्याच संध्याकाळी परत गेली. काकूंनाच नेऊन द्यावी लागली.

मग मास्तरांनी स्वतः हातात काम घेतलं. मानगुटीला धरून ठमीला कापायच्या टेबलावर उभं केलं. भीतीने ती ताठ झाली, चारही पाय काठ्यांसारखे. माप देताना गिऱ्हाईक पोट आत घेतं, छाती फुगवतं, म्हणून शहाण्याने बेसावध माणसाचंच माप घ्यावं, हे ज्ञान मास्तर जगाला फुकट वाटत असत. त्या दिवशी ते त्यांच्याच डोक्यात आलं नाही. त्यांनी डोळा बारीक केला, "झालं," म्हणाले आणि उरलेल्या प्लायवूडचा स्टँड ठोकला. कडा घासलेल्या, वाटी बसवायला गोल भोक पाडलेलं. काम सुबक होतं, ते नाकारता येत नाही. फक्त तो ताठ उभ्या मांजराच्या मापाचा होता.

काकूंनी एका नजरेत ओळखलं. बसलेल्या ठमीच्या डोक्याच्याही वर वाटीचा काठ जात होता. "अहो, ती बसून खाते," एवढंच तर बोलायचं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण त्यांच्या मनात दुसरंच काही शिरलं होतं. रविवारी लेक आणि जावई यायचे होते. तोवर ठमी या वाटीला तोंड लावणार नाही. सगळ्यांच्या देखत कळेल, माप कुणाचं चुकलं ते. एकदा, फक्त एकदा, या माणसाने सगळ्यांसमोर तोंडघशी पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. काकू गप्प बसल्या.

ठमी वाटीपाशी गेली, मान वर करून वास घेतला आणि काकूंकडे आली. काकूंनी हातावर चार घास भरवले. दुसऱ्या दिवशी तेही नाही. हाताने भरवलं तर स्टँड चुकला हे कळणार कसं? ठमी पायाशी बसून बारीक आवाजात ओरडायची आणि काकू हुक लावत राहायच्या. तिच्या डोळ्याला डोळा भिडू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसायच्या. रविवार जवळ येत होता.

रविवारी सगळे चहा घेत असताना भुकेने कासावीस झालेल्या ठमीने काय करावं? मागच्या पायांवर कशीबशी उठली, पुढचे पंजे स्टँडवर टाकले आणि थरथरत, लटकत, सगळी वाटी चाटून पुसून साफ केली.

"याला म्हणतात माप!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. जावयाने वाहवा केली. लेक म्हणाली, "बाबा, कमाल आहे हं तुमची."

थोड्या वेळाने शिलाई मशीनच्या मागे ठमीने सगळं ओकून टाकलं. काकूंनी फडकं आणलं आणि कुणी यायच्या आत पुसून घेतलं. दाखवायची हीच वेळ होती, हे त्यांना पुसून झाल्यावर सुचलं. जन्मभर सगळ्यांची घाण गुपचूप निपटली होती, तसाच हात चालला.

त्यानंतर ठमी उठली नाही. काकूंनी जुनी वाटी पुढे केली, हातावर भरवून पाहिलं, मासा कुस्करला, चमच्याने पाणी सोडलं, हातापाया पडल्या. ठमीने तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हातारं मांजर इतकं उपाशी राहिलं की आतून बिघडतं. किती दिवस खात नव्हती?" मास्तरच बोलले, "छे हो, खात होती की! सगळ्यांनी पाहिलंय." काकू टाइल्सकडे बघत उभ्या होत्या. दोन दिवसांनी ठमी कातरणाच्या टोपलीत गेली.

लेक भेटायला आली. आईजवळ बसून रडली, ठमी तिच्याही बालपणातली होती. निघता निघता म्हणाली, "बाबा, आमच्या सासूबाईंचं मांजरही म्हातारं झालंय. त्यालाही असाच एक स्टँड करून द्याल?"

"त्यात काय, आत्ता करतो. मांजर बघायचीही गरज नाही," म्हणत मास्तरांनी प्लायवूड काढलं.

"नको," काकू म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की त्यांनाच दचकायला झालं. "तो स्टँड चुकीचा होता. ठमी बसून खायची. तिचं तोंडच पोचत नव्हतं. उपाशी मेली ती."

मास्तरांनी हातातलं प्लायवूड खाली ठेवलं. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, बसलेलं मांजर मनातल्या मनात मापलं. आणि काकूंनी संसारभर ज्यांची वाट पाहिली होती ते शब्द ते बोलले. "खरंय. माप चुकलं माझं."

काकूंनी श्वास सोडला. पण लेक वडिलांकडे बघतच नव्हती.

"आई, तुला कधीपासून माहीत होतं?"

काकूंनी खोटं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना तेही कधी जमलं नव्हतं. "पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या.

लेकीने काकूंच्या हातातला आपला हात सोडवून घेतला. मास्तर खुर्चीत मागे रेलले आणि शांतपणे, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "ऐकलंस ना बाळ? माझं नुसतं माप चुकलं होतं."