साडेसहाचा मेल

शाळेवर जायला मी रोज दिग्रसच्या बसस्टँडसमोर, चहाच्या टपरीवर गाडीची वाट पाहत बसतो. गावातला एक तरुण पोरगाही तिथं असतो, कुठंच जायचं नसताना. आधी बाकडं भिंतीला लावून सरळ करतो, मगच टेकतो. कोणी सरकवलं, की पुन्हा उठतो.

पुण्याच्या एका कंपनीचे क्लाउडवरचे ऐंशी सर्व्हर तो घरूनच सांभाळायचा. एकेकाची सेटिंग तपासायची, हलली असेल तर जागेवर आणायची. मग त्यानं एक प्रोग्राम लिहिला. तो रोज सकाळी सगळे सर्व्हर आपोआप तपासून नीट करायचा आणि साडेसहाला तसा मेल पाठवायचा. कंपनीनं प्रोग्राम ठेवला, त्याला काढलं. मेलसाठी मात्र त्यानं स्वतःचाच पत्ता घातलेला होता, तो बदलायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"पाहा सर, ऐंशीच्या ऐंशी ठीक," तो रोज मला फोन दाखवायचा. "बराबर चालून राह्यलं."

"आता तुले कायले पाहिजे हे?" मी एकदा विचारलं.

"मीच लिहिलं ना, सर."

परवा पावणेसात झाले तरी मेल आला नाही. तिकडं कंपनीत कोणीतरी मेलमधून त्याचा पत्ता काढून टाकला असणार, हे मला कळलं. त्यानं फोन बंद करून चालू केला. मग रस्त्यावर जाऊन हात उंच करून धरला.

"सर, तुमच्या फोनले नेटवर्क हाये काय?"

माझ्या फोनला पूर्ण रेंज होती.

"नाही ना बाप्पा," मी म्हणालो.