देवचाराची बाटली

शेजारच्या भट्टीवरून काजूबोंडांच्या हुर्राकाचा वास आला की मला आमचा गावराखण देवचार आठवतो. एका काजूच्या हंगामात दर शनिवारी अर्धं गाव झिंगेल इतकी हुर्राक मी एकटा रिचवायचो, आणि सोमवारी माझं काळीज असं धडधडायचं की विहिरीच्या पाण्यावर लाटा उठायच्या. हात कापायचे, घाम फुटायचा, आता मेलोच असं वाटायचं. डॉक्टरांनी मशीन लावलं, काही सापडेना. ‘‘पिता का?’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘शनिवारी. आज सोमवार.’’ म्हणजे देवचारच रुसला होता! बायको म्हणाली, ‘‘तेका शनवारी तुमची बाटली दिया.’’ ‘‘अर्धी चलात?’’ ‘‘मगे तो पण तुमका अर्धोच सोडतलो.’’ शनिवारी मी रडत रडत अख्खी बाटली देवचाराच्या वडाखाली ओतली. सोमवारी काळीज गप्प! देवचार पावल्याचं मी पार रेडी गावापर्यंत सांगत सुटलो. बायको एवढंच म्हणाली, ‘‘पावलो ना? मगे दर शनवारी दिया.’’ तिची लबाडी मला पुढच्या हंगामात कळली. तरी बाटली आजही वडाखालीच जाते. मी ठणठणीत आहे. सोमवारी देवचाराचं काय होतं, ते विचारायला मात्र अजून धीर होत नाही.