फुगलेली बॅटरी आणि काकूंचा डबा

आज मला माझ्याच घरात चिवडा प्लास्टिकच्या पिशवीतून खावा लागला. इतकी वर्षं इंग्लंडात काढून ही वेळ आली, याची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

झालं असं, की नवऱ्याने मॉडेल विमानासाठी चार वापरलेल्या लिथियम बॅटऱ्या आणल्या होत्या. आज सकाळी त्यातली एक उशीसारखी फुगली. त्याने स्टीलच्या डब्यातला चिवडा पिशवीत ओतला, बॅटरी त्या डब्यात घातली आणि झाकण घट्ट दाबलं.

"स्टील पेटत नाही गं."

मग त्याने विमानांच्या क्लबमधल्या मित्राला विचारलं, तर तो फोनवर ओरडला, "अरे, गॅसला वाट नको? झाकण काढ, डबा बाहेर वाळूत ठेव."

नवऱ्याने लांब हात करून सांडशीने झाकण काढलं. मी दारामागून धीर दिला.

मग कौन्सिलच्या कचरा विभागाला फोन. "फुगलेली आम्ही घेत नाही," तिथल्या बाई म्हणाल्या, "पण घरातही ठेवू नका."

"आणि बाकीच्या तीन?" मी नवऱ्याला विचारलं.

"मीटरवर ठणठणीत आहेत."

"हीसुद्धा काल ठणठणीतच होती ना?"

त्या तीन गॅरेजमध्ये होत्या आणि गॅरेजच्या वर आमची लेक झोपते. त्याही बागेत नेल्या. आता आम्ही दोघं खिडकीतून नुसते बघतोय. जुनी बॅटरी धड आहे हे तुम्ही कशावरून ठरवता?

तो डबा शेजारच्या काकूंचा. दिवाळीचा फराळ घालून दिलेला. रिकामा कसा परत करायचा, म्हणून आमच्याकडेच राहिला होता आणि मी त्यात माझा चिवडा ठेवत होते. दुपारी तसाच नवा आणला, उरलेला चिवडा भरला आणि त्यांच्या दाराशी ठेवून आले.