पाचव्या दिवसाची साखर

माझी लेक साडेसातव्या महिन्यातच आली. वजन दीड किलोच्या आत. बारामतीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पहिल्याच सकाळी सिस्टर म्हणाल्या, "बाळाची शुगर कमी आहे." माझं सासर पळसदेवचं, सगळं रान उसाखाली. नवरा म्हणाला, "उसाच्या घरातलं पोर आणि साखर कमी?" मला त्याचा राग आला आणि हसूही आलं. सलाईनमधून साखर सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी आकडे ताळ्यावर आले.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून आई लोणी भापकरहून सोबतीला होती. माझं सिझर झालेलं, त्यात टाके पिकलेले. त्यामुळे डॉक्टरबाईंनी आईलाच गाऊन घालून आत बसवलं आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. या पद्धतीला कांगारू म्हणतात. आई म्हणायची, "पोरीला उराशी धरून येते." रोज दोनदा जायची.

तिच्या पिशवीत मधाची बाटली आणि सोन्याची अंगठी होती. आमच्याकडे नव्या बाळाला अंगठीनं मध चाटवतात. जो चाटवेल त्याचे गुण बाळात उतरतात म्हणे. आई चिडवायची, "तुज्या हातनं न्हाय चाटवायचा बाई. तुजा राग उतरंल." मी तिला बजावलं होतं, इथं असलं काही करायचं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर घाईघाईनं बाहेर आल्या. टाचेला सुई टोचून रक्त तपासलं होतं, साखर अडीचशेच्या वर गेली होती.

"बाळाला कुणी काही चाटवलं का?"

मला फक्त ती बाटली दिसली. व्हरांड्यात दहा माणसं बसलेली, पण मी आईवर तुटून पडले. "माझ्या लेकीच्या जिवावर उठलीस तू," असंसुद्धा म्हणाले. आईचे ओठ हलत होते. मी ऐकून घेतलं नाही. "आधी गावाला जा," म्हटलं. ती पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे गेली.

दुपारी डॉक्टरबाईंनी बोलावलं. मी लगेच मधाची कहाणी सांगितली, आपण चोर पकडला अशा थाटात.

"बोटभर मधानं साखर एवढी चढत नाही," त्या म्हणाल्या. "बाळाला जंतुसंसर्ग झालाय. शरीरावर संकट आलं की ताणाची हार्मोन्स सुटतात, ती रक्तातली साखर वाढवतात. तुमचं-माझं शरीर ती आवरून धरतं. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाला ते जमत नाही."

"म्हणजे ती घाबरलीय?"

"तिचं शरीर झगडतंय. साखरेमुळेच आपल्याला वेळेत कळलं."

जिला धड रडताही येत नव्हतं, तिच्या एवढ्याशा रक्तात एवढी धडपड चालली होती, आणि मी बाहेर आईचा पाणउतारा करत बसले होते. माझीच मला किळस आली.

इंजेक्शनं सुरू झाली, सलाईनमधली साखर कमी केली. दोन दिवस मी काचेला नाक लावून उभी होते. तिसऱ्या दिवशी ताप नव्हता, आकडे उतरत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता परत छातीवर देऊ. त्यानं ताण कमी होतो. त्या आजी कुठं आहेत? त्यांच्याजवळ बाळ शांत असायचं."

नवऱ्यापुढं फोन धरला, तर तो म्हणाला, "तूच कर." केला. "आई, ये," एवढंच तोंडातून निघालं. पुढच्या एसटीनं ती आली. कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला, बसली. सिस्टरनी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. मी तोंडाला मास्क लावून शेजारी उभी राहिले. हळूहळू लेकीच्या मुठी सुटल्या.

शेवटी मला राहवेना. "तू मध दिलाच नव्हतास, तर त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं," आई म्हणाली. "तू वरडत हुतीस."

माझा आवाज रडण्यानं चढला. आईनं हातानं नातीचा कान झाकला.

"हळू, बाई. तिला लागतंय ते."